काचेमागचा वारा

काच लहान होती तेव्हा आईला वाऱ्याचा त्रास कमी व्हायचा. काच मोठी बसवली आणि त्रास दुप्पट झाला. हे कोडं मी सुरुवातीलाच घालून ठेवते, कारण ते सुटेपर्यंत आमच्या घरात कुणालाच नीट जेवण गेलं नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर आठ दिवस फक्त माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मी शाल्मली, वय वर्षं अकरा. आम्ही घोंगडमाळावर राहतो. नकाशात बघितलंत तर पवनचक्क्यांच्या चिन्हांची गर्दी दिसेल, तोच आमचा माळ. इथे वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे पुरत नाहीत, पीळ दिलेल्या दोरीत कोपरे अडकवावे लागतात. २०६१ साल आहे, खाली शहरांत औषधांपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं ड्रोनने घरपोच येतं. पण ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला की ड्रोन उडत नाही, आणि आमच्याकडे चाळीसच्या खाली वारा आला तर लोक वाऱ्याची तब्येत विचारतात. माळावरचा रस्ता दोन ठिकाणी खचून अरुंद झालाय, त्यामुळे चारचाकीही जात नाही. म्हणून औषधं अजून मोटरसायकलवरूनच जातात. ती नेणाऱ्यांना दवादूत म्हणतात. माळावर सात दवादूत आहेत आणि त्यांतली एक माझी आई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने तिच्या विजेच्या मोटरसायकलला नवी विंडस्क्रीन, म्हणजे पुढची वारा अडवणारी काच, बसवून घेतली. (काच म्हणायचं, असते प्लास्टिकचीच.) दवादूतांतले रानबाकाका म्हणाले होते, "ताई, मोठी घ्या, माझ्यासारखी. वारा लागतच नाही." रानबाकाका सहा फूट उंच आहेत. आई पाच फूट एक इंच. हा फरक तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही.

दसऱ्यानंतर आईची मान दुखायला लागली. कानांत सतत घूं घूं ऐकू येई. मंगळवारी खवळीच्या वळणावर तिला एकाऐवजी दोन रस्ते दिसले. तिने गाडी थांबवली तेव्हा पुढचं चाक दरीच्या कडेपासून हातभर लांब होतं. हे तिने मला सांगितलं नाही. ती आजोबांना हळू आवाजात सांगत होती आणि मी दाराआड उभी होते. त्या दिवसापासून ती गाडी चाळीसच्या वर नेत नव्हती.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता फोन आला.

माळाच्या दुसऱ्या टोकाला कुंभारगाळ्याचा दवाखाना आहे. तिथे गोजिरी ढेबे नावाची सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी भराभर कमी होत होत्या. तिच्यासाठी शहरातल्या प्रयोगशाळेने जिवंत पेशींचं औषध बनवून बसने पाठवलं होतं. बस आमच्या फाट्यावर चार वीसला येणार होती, आणि त्या पेशी पाच वाजेपर्यंतच जिवंत राहणार होत्या. बाकीचे सहा दवादूत लांबच्या फेऱ्यांवर गेलेले. उरली फक्त आई.

"फाट्यापासून पस्तीस किलोमीटर," आई म्हणाली. मी मनातल्या मनात हिशेब केला. सत्तरच्या वेगाने अर्धा तास, म्हणजे चार पन्नास. चाळीसच्या वेगाने बावन्न मिनिटांहून थोडी जास्त, म्हणजे पाच वाजून बारा-तेरा मिनिटं. पेशींना बारा मिनिटं उसनी मिळत नाहीत.

"सत्तरने जाईन," आई म्हणाली.

"दोन दोन रस्ते दिसत असताना?" आजोबांनी विचारलं. "त्यातल्या कुठल्या रस्त्याने जाणार आहेस?"

आजोबा आईचे वडील. आई त्यांना अण्णा म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी वातबोगद्यावर काम केलं. (वातबोगदा म्हणजे अशी जागा, जिथे वस्तू उभी राहते आणि वारा धावतो.) निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गोठ्यात छोटा वातबोगदा उभा केला. जुन्या पवनचक्कीतलं यंत्र गार ठेवणारा मोठा पंखा त्याला लावला. म्हशींनी गोठा आधीच सोडलेला होता, नाहीतर त्यांनी तो तेव्हा सोडला असता. आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते, ते मंगळवारीच परत आले. काळा चष्मा लावून फिरायचे आणि उंबरठ्यावर रोज ठेचकाळायचे.

"तीन वाजत आलेत," आजोबा म्हणाले. "सव्वा तास आहे. गाडी गोठ्यात घे. शालू, लोकर आण. आणि देवघरातल्या उदबत्त्या. फिरकी, तू हेल्मेट घाल."

फिरकी हा आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. खरं तर यंत्रमुलगी, माझ्या खांद्याएवढी. तिच्या डोक्यात हादरे मोजणारे संवेदक (जाणवलेलं आकड्यांत सांगणारे छोटे भाग) आहेत. आजोबांनी तिला जुनी शालेय पुस्तकं वाचायला दिली, त्यामुळे ती कायम परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी बोलते.

"आपली आज्ञा शिरसावंद्य," ती म्हणाली आणि गाडीवर चढून बसली.

"थांब," आजोबा म्हणाले. "बसल्यावर तू शोभापेक्षा वीतभर बुटकी आहेस. शोभा, आधी तू बस." फिरकी उतरली, आई बसली. आजोबांनी टेपने जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली. मग आई उतरली, आजोबांनी सीटवर घोंगडी दुमडून ठेवली आणि फिरकीचे डोळे बरोबर त्या उंचीला आणले. "काच गाडीची नसते, बसणाऱ्याची असते. रानबाची काच शोभाला लावणं म्हणजे त्याचा सदरा हिला घालण्यासारखं आहे."

मी हेल्मेटवर, काचेच्या पुढे आणि मागे लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवले. वारा दिसत नाही, पण लोकर दिसते. लोकर सरळ मागे उडाली तर हवा शांत वाहते आहे असं समजायचं. याला स्तरित प्रवाह म्हणतात (थराथराने सरळ जाणारी हवा). लोकर गरगर फिरली तर भोवरी प्रवाह (गिरक्या घेत, आदळत जाणारी हवा).

"वारा किती सोडू?" आईने विचारलं.

"गाडीचा वेग सत्तर, समोरून येणारा वारा पंचेचाळीस," आजोबा म्हणाले. "शालू, तुझ्या आईच्या तोंडावर किती?"

"एकशे पंधरा."

"आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून चाळीसला नुसती कुरकुर होती ती सत्तरला मारामारी होते."

पंखा सुरू झाला. गोठ्याचे पत्रे थरथरले. फिरकीचं हेल्मेट डावीउजवीकडे असं हलायला लागलं की बघवेना. त्यावरची लोकर वेड लागल्यासारखी गोल फिरत होती.

"हादरे दर सेकंदाला सतरा," फिरकी ओरडून म्हणाली. "माझ्या दृष्टीत अस्पष्टता निर्माण होत आहे."

आजोबांनी पंखा बंद केला. "म्हणून रस्ते दोन दिसतात. डोळे थोडं हलणं सांभाळून घेतात. सेकंदाला सतरा वेळा डोकं हललं की त्यांचा ताल चुकतो."

मग त्यांनी समजावलं. आईने पाना हातात घेतला होता, ती ऐकत ऐकतच बोल्ट सैल करत होती. ओढ्याच्या मधोमध मोठा धोंडा असला तर पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं आणि धोंड्याच्या मागे भोवरे पडतात. काचेच्या मागेही तसंच होतं. वारा काचेवर आदळतो, वर चढतो, वरच्या कडेवरून सुटतो. सुटताना त्याच्या गिरक्या होतात. काच लहान असली तर त्या गिरक्या छातीपाशी राहतात आणि डोकं वरच्या सरळ वाऱ्यात असतं. रेटा लागतो, पण हादरे कमी. काच खूप मोठी आणि माणूस तिच्या पूर्ण आड असला, तर गिरक्या डोक्यावरून निघून जातात. आईची काच या दोन्हींच्या मधली ठरत होती. गिरक्यांची वाट थेट तिच्या हेल्मेटातून जात होती.

"म्हणजे मोठी काच वाईट?" मी विचारलं.

"वाईट नाही. न मोजता लावलेली." आजोबा म्हणाले. "आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी उंची."

काचेच्या पट्टीला पाच खाचा होत्या. आईने काच एक खाच खाली घेतली. पंखा. "सोळा," फिरकी म्हणाली. दुसरी खाच. "पंधरा." सगळ्यात खाली. "पंधरा. तसेच वक्षावरील दाब वाढला आहे." सगळ्यात वर. "अठरा."

तीन पस्तीस झाले होते.

आजोबा काळा चष्मा कपाळावर सरकवून काचेजवळ वाकले. "हे चुकतंय," ते म्हणाले. "उंची बदलून एवढा कमी फरक पडायला नको. फिरकी, काचेच्या आतल्या बाजूची लोकर कुठल्या दिशेला उडत होती?"

"पुढच्या दिशेला."

"पुढच्या?"

"होय. वाऱ्याच्या विरुद्ध."

आई थांबली. मीही ते पाहिलं होतं, काचेमागची लोकर फिरकीकडे उडायच्या ऐवजी काचेकडे ओढली जात होती. मला वाटलं होतं, मीच ती उलटी चिकटवली असेन.

"काचेमागे हवा विरळ पडते," आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दाब कमी होतो. ती जागा भरायला वरून आणि बाजूंनी हवा उलटी आत घुसते. म्हणून चांगल्या काचांना खाली एक फट ठेवतात. तिच्यातून थोडा वारा मुद्दाम आत घेतात. मागची जागा भरली की वरचा वारा आत वळत नाही, सरळ निघून जातो. या काचेला फट नाही वाटतं. असले स्वस्तातले प्रकार…"

माझ्या हातातली लोकर खाली पडली.

काचेला फट होती. वीतभर लांब, चार बोटं उंच. दसऱ्याच्या दिवशी पहाटे मी ती बुजवली होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे गाडीवर काहीतरी लिहिलेलं नसेल तर ती चोरीची वाटते. रानबाकाकांच्या गाडीवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' आहे. दुधाच्या गाडीवर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे आईवडिलांचेच आशीर्वाद. मला वाटलं, आईला कुणी आशीर्वाद द्यायचा? म्हणून मी पितळेच्या रंगाच्या कडक प्लास्टिकवर 'लेकीचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं, चार दिवस खपून त्याला वेलबुट्टी काढली. पहाटे, आई उठायच्या आत, गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि पाटी लावायला जागा शोधली. नव्या काचेखाली नेमकी पाटीच्या मापाची मोकळी जागा. मला वाटलं, कंपनीने पाटीसाठीच सोडली आहे. डबल टेप लावून मी ती गच्च बसवली. आईने पाटी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. त्या जागी आधी काय होतं ते तिने पाहिलंच नव्हतं. आजोबा तेव्हा पुण्याला होते.

मी लगेच बोलले नाही. हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं आहे. मला वाटलं, आजोबा दुसरं काहीतरी शोधतील. त्यांनी काच मागे कलती करून पाहिली. "चौदा," फिरकी म्हणाली. त्यांनी पुढे कलती केली. "सतरा." घड्याळात तीन पंचेचाळीस झाले. आई हेल्मेटच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत होती. मला समजत होतं, आता ती सतरा हादरे घेऊनच निघणार. खवळीच्या वळणावर. सत्तरने.

"फट आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले, "आजोबा, फट आहे. माझ्या पाटीखाली."

आई पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "टेप कुठली वापरलीस?"

"फिकट निळी. न निघणारी."

"गरम पाणी आण. पटकन."

मी स्वयंपाकघरात धावले. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाटीवर दाबून धरलं, की डिंक मऊ पडतो. माझे हात भाजत होते. आई उलथण्याच्या टोकाने कड उचकटत होती. पाटी हलेना. आजोबा मिनिटं मोजत नव्हते, पण फिरकी मोजत होती. "तीन वाजून त्रेपन्न. तीन वाजून चोपन्न." आईने तिला गप्प बसायला सांगितलं.

चार वाजता पाटी निघाली. दोन तुकड्यांत निघाली. मधून मोडली. वेलबुट्टीवरून तडा गेला. मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

पंखा सुरू केला. काचेमागची लोकर एकदम वळली आणि पहिल्यांदाच आईच्या बसायच्या जागेकडे, मागे उडायला लागली. वरची लोकर गरगरायची थांबली.

"आठ," फिरकी म्हणाली.

"आता उंची पुन्हा," आजोबांनी सांगितलं. "शोभा, तू बस. समोर बघ. काचेची वरची कड नाकासमोर यायला हवी. रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसला पाहिजे. धूळ बसली, पाऊस आला, तर काचेतून काय दिसणार आहे? वारा कडेवरून उसळी घेऊन चढतो, त्यामुळे कड डोळ्यांखाली असली तरी तो हेल्मेटच्या वरून जातो."

काच दोन खाचा खाली आली. फिरकी परत बसली. "पाच." किंचित मागे कलती केली. "तीन." आजोबांनी पंखा हळू केला आणि उदबत्ती काचेपुढे धरली. (जोराच्या वाऱ्यात धूर विस्कटतो, म्हणून जोरात लोकर बघायची आणि हळू वाऱ्यात धूर.) धुराची रेघ काचेवर चढली, कडेवरून सुटली, हेल्मेटच्या वरून बोटभर अंतरावरून न तुटता मागे गेली. एवढी सरळ रेघ मला पट्टी घेऊनही काढता येत नाही.

आईने बोल्ट आवळले, प्रत्येक दोनदा तपासला. गोठ्यासमोरच्याच फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. औषधाचा डबा गाडीच्या मागच्या पेटीत गेला. निघताना तिने पाटीचा एक तुकडा उचलून जाकिटाच्या खिशात टाकला. कुठला, ते मला दिसलं नाही. तोवर चार बावीस झाले होते.

प्रत्येक पवनचक्कीच्या खांबाला गाडी ओळखणारा डोळा आहे. त्यामुळे फिरकीच्या छातीवरच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका सरकत होता, आणि आजोबांनी आईच्या हेल्मेटात बसवलेला संवेदक तिला हादरे कळवत होता. मी आणि आजोबा गोठ्याच्या दारात बसून तो बघत होतो.

"वेग एकोणसत्तर," फिरकी म्हणाली. "हादरे तीन ते चार."

खवळीचं वळण आलं. ठिपका हळू झाला, वळला, पुढे निघाला.

मग बाविसाव्या किलोमीटरला ठिपका थांबला.

"काय झालं?"

"माहिती उपलब्ध नाही."

मी उठून उभी राहिले. आजोबांनी माझा हात धरला. मला एवढंच वाटत होतं, की काच सैल झाली, किंवा अजून कुठली तरी चूक राहिली, आणि ती माझीच असणार. एक मिनिट गेलं. दीड. दोन.

"गाडी गतिमान झाली," फिरकी म्हणाली.

चार पंचावन्नला ठिपका कुंभारगाळ्यावर पोचला. चार सत्तावन्नला दवाखान्यातून निरोप आला, 'औषध मिळालं, पेशी ठणठणीत.' फिरकीने तो निरोप तिच्या भाषेत वाचून दाखवला आणि आजोबांनी तिच्या हेल्मेटवर थाप मारली. मी गोठ्यात जाऊन एकटीच पोटभर रडले, तेव्हा तीन वाजल्यापासूनचं सगळं बाहेर आलं.

आई सहाच्या सुमारास परतली. मान दुखत नव्हती. कान शांत होते. रस्ता एकच होता, ती म्हणाली, आणि त्यावर बाविसाव्या किलोमीटरला दोनशे मेंढरं आडवी आली होती.

"मला लगेच सांगायचं होतंस," ती मग म्हणाली. "फट आहे म्हणून."

"मला भीती वाटली."

"मलाही वाटत होती." तिने खिशातून तुकडा काढला. त्यावर 'लेकीचा' एवढंच होतं. "दुसरा तुकडा जप. जोडून घेऊ."

पुढचा आठवडाभर मी आणि फिरकी सातही दवादूतांना गोठ्यात बोलावून मोजत होतो. बसल्यावर डोळ्यांची उंची किती, काचेची कड कुठे, फट मोकळी आहे का, हादरे किती. प्रत्येकाचं एक पान. रानबाकाकांची काच त्यांना बरोबर निघाली. उरलेल्या पाच जणांपैकी चौघांच्या काचा बदलाव्या किंवा सरकवाव्या लागल्या, आणि दोघांच्या फटींवर आशीर्वाद चिकटवलेले सापडले. ही वही आता माळावरच्या दवाखान्यात राहणार आहे. नवा दवादूत आला की त्याचं पान आधी भरायचं, मग गाडी द्यायची, असं ठरलंय. आजोबा म्हणतात, दहा वर्षांनी गाडी स्वतःच बसणाऱ्याला मोजून काच सरकवेल. मी म्हणते, ती मी बनवीन. ते हो म्हणाले, पण आधी सातवीचं गणित सुधार म्हणाले.

गोजिरी मागच्या सोमवारी घरी गेली. तिने निरोप पाठवलाय, की तिला मोटरसायकलवर बसायचं आहे.

पाटी मी जोडली. तडा दिसतो, दिसू दे. ती आता आईच्या गाडीच्या मागच्या पेटीवर आहे, वाऱ्याच्या वाटेपासून दूर. पण पक्की लावण्याआधी मी गाडी गोठ्यात घेतली, लोकर चिकटवली आणि पंखा एकशे पंधरावर सोडला.

"हादरे तीन," फिरकी म्हणाली. "पाटीमुळे कोणताही बदल नाही."

मग मी स्क्रू आवळले.